पिटातला सूर

तिसरी घंटा व्हायच्या आधी ऑर्गनवादक चपला काढतो. रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेच्या एका प्रयोगाला मी मुद्दाम कोपऱ्यातली खुर्ची धरली होती, ती हे पाय पाहायला. तबला द्रुतात गेला, नायकाने तानांची आतषबाजी केली, पण दोन पेडलांवरचे अनवाणी पाय आपल्या संथ चालीने आलटून पालटून चालतच होते. पाय थांबले की भाता बसतो आणि सूर मरतो. या स्पर्धेत अभिनयाला आणि गायनाला असतात तशी ऑर्गनच्या आणि तबल्याच्या साथीलाही पारितोषिके असतात. निकालाच्या बातमीत मात्र ती नावे पार खाली, घडीत जातील अशा जागी छापलेली असतात.

ऑर्गन म्हटले की युरोपीय माणसाला चर्चमधल्या भिंतीएवढ्या नळ्या आठवतात. आपला ऑर्गन वेगळा. याच्या पोटात पितळी पात्या असतात. हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, तर इथे पायाने चालणारा भाता ती आत ओढून घेतो. म्हणून आवाज गोल, भरीव आणि न तुटणारा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत एस्टी, मेसन अँड हॅमलिन यांच्यासारख्या कारखान्यांनी ही वाद्ये घरोघरच्या दिवाणखान्यांसाठी काढली. आपण त्यांना नाटकाच्या पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या वादकांच्या जागेत, बसवले. दोन्ही हात मोकळे, आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायची पट्टी आणि माइक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी आस, नाटक कंपनीला आणखी काय हवे होते? गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी, थिरकवाँचा तबला आणि ऑर्गन असा थाट होता. बालगंधर्वांच्या गाण्याची आठवण सांगणारे त्या ऑर्गनचा भरणा सांगायला विसरत नाहीत.

ऑर्गनची बहीण असलेल्या पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घालून दार लावून घेतले आणि ते किलकिले करायला तीस वर्षे घेतली. त्या काळात पेटीवाल्यांची पिढी जगवली ती रंगभूमीने, असे माझे स्पष्ट मत आहे.

रत्नागिरी जिल्ह्याचा पेटी-ऑर्गनच्या साथीवरचा हक्क एका नावामुळे सांगता येतो. गोविंदराव पटवर्धन. गुहागर तालुक्यातल्या अडूर गावी २१ सप्टेंबर १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. ३१ जानेवारी १९९६ रोजी ते गेले. पालशेत ओलांडून वेळणेश्वराकडे जाताना हे गाव लागते. नारळी-पोफळी, समुद्राची गाज, उत्सवातली कीर्तने आणि हौशी नाटके हेच तिथले संगीत विद्यालय. गोविंदरावांचे बहुतेक शिक्षण ऐकण्यातून झाले, आणि पुढे मुंबईत पंडित राम मराठे, छोटा गंधर्व, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व अशा एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या गळ्यांना त्यांची साथ लाभली. एकाची तान वीज पडावी तशी, दुसऱ्याची लाडिक, तिसऱ्याची कुठून निघेल याचा नेम नाही. यांच्यामागे सावलीसारखे जायचे म्हणजे तयार गत वाजवून भागत नाही. गायकाने श्वास घेतला की पुढची जागा ओळखावी लागते.

ऑर्गनिस्टची तालीम कशी होते, हे एका उदाहरणाने सांगतो. नायक काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये. मधे जेमतेम चार वाक्यांचा संवाद. आजच्या पेट्यांत पट्टी सरकवून षड्ज बदलता येतो. ऑर्गनला ती सोय नाही. वादकाला डोक्यात सगळे सप्तक उचलून दुसरीकडे मांडावे लागते. बारापैकी कुठलीही पट्टी षड्ज मानून बोटे तितक्याच सहज फिरली पाहिजेत. शिवाय कान संवादावर. शेवटच्या शब्दावर सूर पडला नाही तर नट उघडा पडतो, आणि आधी पडला तर वाक्य बुडते. वन्समोर आला तर पुन्हा तीच कसरत.

आणि एवढे करून वाद्य सुरात असते असेही नाही. ऑर्गनवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. जाणता वादक अशा स्वरावर रेंगाळत नाही, स्पर्श करून षड्ज-पंचमाच्या भरण्यात निघून जातो. गोविंदरावांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी हा प्रश्न मुळाशी जाऊन हाताळला आणि बावीस श्रुतींची पेटी घडवली. अशा जाणत्या साथीदारांपैकी गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर हे पेटीवादक पी. मधुकरांचे शिष्य. त्यांना पद्मश्री मिळाली २०१६ साली, वयाच्या ८१व्या वर्षी. साथीदाराकडे सरकारचे लक्ष जायला एवढा वेळ लागतो.

रत्नागिरीत संगीत नाटक ही केवळ स्पर्धेपुरती आठवण नाही. सावरकरांनी इथल्या स्थानबद्धतेत ‘संन्यस्त खड्ग’ लिहिले आणि ते १९३१ साली मास्टर दीनानाथांच्या बळवंत मंडळीने रंगमंचावर आणले. आज ‘खल्वायन’सारखी संस्था संगीत नाटके बसवते, संगीत सभा भरवते. पेटी शिकणारी मुले इथे आहेत आणि त्यातली काही धीटपणे ऑर्गनकडे वळतात. अडचण वेगळीच आहे. नव्याने हे वाद्य क्वचितच घडते. ब्रॅटलबरोचा एस्टीचा कारखाना १९६० साली बंद झाला. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, भात्याचे कापड विरते, उरलेले उंदीर पाहतात. एक ऑर्गन दुरुस्त करायला दुसऱ्याच्या पात्या काढाव्या लागतात.

तेव्हा कुणाच्या माजघरात, देवळाच्या पडवीत किंवा बंद पडलेल्या नाट्यमंडळाच्या खोलीत कापड टाकून टेबलासारखा वापरात असलेला ऑर्गन असेल, तर भंगारवाल्याला बोलावू नका. झाकण उघडा, पेडल दाबून बघा, आणि वाजो न वाजो, जवळच्या नाट्यसंस्थेला एक फोन करा.