स्कायलॅब आणि ‘शक्यता’

प्रकाशा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. जुलै १९७९मध्ये तापीकाठच्या आम्हा पोरांना एकच घोर लागला होता : स्कायलॅब डोक्यावर पडणार. नासाने सांगितले होते ते निराळेच. जगात कुठेतरी, कुणाला तरी इजा होण्याची शक्यता १५२मध्ये १. अमुक एका माणसाला होण्याची ६०० अब्जांत १. पण मराठीत ‘पावसाची शक्यता’ ऐकली की आपण छत्री घेतो. आकडे गळाले, ‘शक्यता’ तेवढी उरली. याला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. स्कायलॅबची कक्षा खरोखरच भारतावरून जात होती आणि ती नेमकी कुठे पडेल, हे नासालाही सांगता येत नव्हते. ११ जुलैला त्या ७७ टनी प्रयोगशाळेचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. इजा कुणालाच झाली नाही.