ताऱ्यात लोहचुंबक कोणी ठेवला?



पाचवीच्या वर्गात न्यूट्रॉन ताऱ्याबद्दल सांगत होते. वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त, रुंदी जेमतेम 20 किलोमीटर आणि चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या साधारण लाख कोटी पट! एका मुलाने विचारलं, "बाई, तिथे लोहचुंबक कोणी ठेवला?" मी पटकन सांगून टाकलं, "अरे, ताऱ्याच्या पोटात लोखंड असतं ना!"

चुकलं माझं. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व जातं. ताऱ्याच्या गाभ्यात तर अब्जावधी अंश तापमान. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते.

ताऱ्यातला वायू इतका तापलेला असतो की त्यातून वीज सहज वाहते. या विद्युतप्रवाहांमुळेच चुंबकीय क्षेत्र तयार होतं. अशा वायूत चुंबकीय रेषा जणू अडकून पडतात. वायू जाईल तिकडे त्याही जातात.

सूर्यासारखा तारा शेवटी आकसून पृथ्वीएवढा श्वेत बटू होतो. पण सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्याच्या गाभ्यात लोखंड साठत जातं. त्यापासून ऊर्जा मिळत नाही. गाभा सूर्याच्या सुमारे 1.4 पट झाला की (ही चंद्रशेखर मर्यादा) स्वतःचाच भार त्याला पेलवत नाही. सेकंदाच्या आत तो कोसळतो, प्रोटॉन-इलेक्ट्रॉन एकमेकांत दाबले जाऊन न्यूट्रॉन बनतात आणि बाहेरचे थर स्फोटात उडतात. असा स्फोट 1054 साली चीनमध्ये भरदिवसा दिसला होता. तिथे उरलेला तारा आजही सेकंदाला सुमारे 30 गिरक्या घेतो.

आता फुगा घ्या. फुगवून त्यावर स्केचपेनने ठिपके काढा आणि हवा हळूहळू सोडा. (एकदम सोडलीत तर वर्ग हातातून गेलाच!) ठिपके तेवढेच राहतात, पण दाटीवाटीने. चुंबकीय रेषांचंही तसंच. गाभ्याची त्रिज्या शंभरपट घटली तर पृष्ठभाग दहा हजारपट घटतो आणि क्षेत्र दहा हजारपट वाढतं. म्हणजे चुंबक नवीन आला नाही, जुनाच आवळला गेला.

मोठ्या मुलांना एवढंही सांगा की 'मॅग्नेटार' नावाच्या ताऱ्यांचं क्षेत्र याहूनही शंभर ते हजारपट असतं. तिथे नुसतं आवळणं पुरत नाही. नुकताच जन्मलेला, गरगर फिरणारा, आतून खदखदणारा तारा डायनॅमोसारखं स्वतःच क्षेत्र वाढवत असावा, असं एक मत आहे. शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.