लुआंग्वाकाठचे शेजारी

आफ्रिकेला जायचे ठरले तेव्हा ज्याने त्याने आपापली मागणी नोंदवली. शेजारच्या काकूंना तिकडचे तांब्याचे काहीतरी हवे होते. महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांना वाळूची पुडी हवी होती. चिरंजीवांना सिंहाचा फोटो हवा होता. तोही सिंह कॅमेऱ्याकडे बघत असलेला! एकट्या मामांनी काही मागितले नाही.

निघण्यापूर्वी आजोळी जाऊन आलो होतो. दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात आमचे आजोळ. मामा पडवीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरीत होते. माझे सगळे बोलणे ऐकून घेतल्यावर म्हणाले,

"थयसर हत्ती आसत मां? मगे येक काम कर. थयली माणसां काय करतत, ता इचारून ये."

हा प्रश्न त्यांनी गंमत म्हणून विचारला नव्हता. 2002 साली कर्नाटकातून रानटी हत्ती सिंधुदुर्गात उतरले, आणि तेव्हापासून त्या टापूतल्या बागाईतदारांच्या मागे नवीच साडेसाती लागली. केळीची बाग हत्तीच्या लेखी एका रात्रीचे जेवण. माड तर तो नुसत्या डोक्याने ढकलून पाडतो आणि आतला कोवळा गाभा खातो. मामांच्या बागेतले आजोबांच्या हातचे माड असेच गेले. भरपाई मिळते, नाही असे नाही. पण आजोबांनी लावलेल्या माडाची किंमत कोणत्या तक्त्यात बसवायची? भाद्रपदात दीड दिवस गजाननाची मनोभावे पूजा करणारे मामा वर्षातल्या कितीतरी रात्री पत्र्याचा डबा बडवीत बागेच्या कडेला जागून काढतात.

तर मामांचा हा प्रश्न सामानात घालून आम्ही उभयता मे महिन्याच्या सुटीत निघालो.

माझा धाकटा भाऊ झांबियात तांब्याच्या खाणीवर इंजिनिअर आहे. "दादा, वहिनीला घेऊन एकदा या," असा त्याचा चार वर्षांचा धोशा. मुंबईहून आदिस अबाबा आणि तिथून लुसाका असा प्रवास करून पोहोचलो, तर त्याने आमच्यासाठी तीन रात्रींचे एक लॉज आधीच ठरवून ठेवले होते. भाडे सांगायला तो तयार नव्हता. शेवटी हिने त्याच्या बायकोकडून ते काढून घेतले, आणि मी मनातल्या मनात हिशेब केला. तीन रात्रींत माझा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार!

लुसाकाहून एका चिमुकल्या विमानाने आम्ही म्फुवे नावाच्या गावी उतरलो. दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानाचे हे प्रवेशद्वार. उद्यान सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरांचे. त्याच्या पूर्वेच्या अंगाने लुआंग्वा नदी वाहते आणि पुढे झांबेझीला मिळते. ही नदी मोठी लहरी. दर पावसाळ्यात काठ खाते, पात्र बदलते, आणि सोडून दिलेल्या वळणांची तळी मागे ठेवते. त्या तळ्यांवर सारे रान पोसलेले.

विमानतळापासून उद्यानापर्यंतचा रस्ता गावांतून जातो. सायकलीवर कोळशाची पोती लादून चाललेले पुरुष, गणवेशातली मुले, गवताने शाकारलेल्या झोपड्या, मक्याची वाळलेली ताटे. काही अंगणांत चार खांबांवर उभारलेली, कुडाची गोल कणगी दिसली. सारे इतके ओळखीचे वाटले की, "अहो, हे तर आपलं सावंतवाडीकडचंच!" असे ही दोनदा म्हणाली.

लॉज मात्र अजिबात ओळखीचे नव्हते. उतरताक्षणी थंड पाण्यात भिजवलेले सुगंधी रुमाल हातात आले, मागोमाग सरबत आले. "तुमचा तंबू" म्हणून जे दाखवले त्यात मच्छरदाणी लावलेला ऐसपैस पलंग, लिहायचे टेबल, नदीकडे तोंड केलेला व्हरांडा आणि पितळी नळांचे न्हाणीघर! ही दारातच थबकली. "अहो, आपल्या ब्लॉकपेक्षा हा तंबू मोठा आहे हो!"

मग व्यवस्थापकांनी नियम सांगितला. अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय एक पाऊलही बाहेर टाकायचे नाही. लॉजला कुंपण नाही; उद्यानालाही नाही. जनावरे येतात-जातात. व्हरांड्यातून विजेरी हलवायची, की पहारेकरी न्यायला येईल.

आमच्या वाट्याला आलेला पहारेकरी साठीच्या घरातला, काटकुळा, पांढऱ्या खुरट्या दाढीचा गृहस्थ होता. म्फुवेच्या आसपास कुंडा जमातीची वस्ती आहे, तो त्यांतलाच. तिकडच्या न्यांजा भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला 'बाम्बो' म्हणतात असे कळल्यावर आम्हीही त्याला बाम्बोच म्हणू लागलो. शब्द आपल्या 'बाबा'च्या किती जवळचा!

पहिल्या रात्री झोप लागली नाही. नदीतले पाणघोडे काळोख पडला की काठावर चरायला येतात. एखादा स्थूल म्हातारा पोट धरून हसावा तसा त्यांचा आवाज. एक तर तंबूच्या कापडापलीकडे, हाताच्या अंतरावर, करकर गवत उपटीत होता. हिने माझे मनगट घट्ट धरले होते. बाहेर बाम्बोच्या विजेरीचा उजेड मधूनच कापडावरून सरके, आणि तेवढाच काय तो धीर येई.

दुसरा दिवस पाहण्यात गेला. उघड्या मोटारीतून हिंडताना आमचा वाटाड्या झाडे दाखवीत होता. त्यांत आमची गोरखचिंच निघाली, आणि साधी आपली चिंचही निघाली! चिंच मूळची आफ्रिकेचीच म्हणे. ज्या चिंचेवाचून आमची आमटी होत नाही, ती पाहुणी होऊन आलेली आहे हे ऐकून मला जरा हरल्यासारखेच झाले. जिराफ दिसले, त्यांची इथली जात जगात फक्त याच खोऱ्यात आढळते. पट्टेरी झेब्रे दिसले. सिंह दिसला, पण तो आमच्याकडे पाठ करून झोपला होता. चिरंजीवांच्या नशिबी नव्हते.

दुपारच्या जेवणात आचाऱ्याने मुद्दाम आमच्यासाठी तिथले जेवण केले. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला न्शिमा म्हणतात. आणि सोबत भोपळ्याच्या पाल्याची भाजी, दाण्याचे कूट घातलेली. हाताने खायची! हिने पहिला घास घेतला आणि आचाऱ्याला मराठीतच म्हणाली, "अगदी आमच्यासारखी झाली आहे हो." त्याला ते समजले असावे, कारण त्याने आणखी वाढले.

संध्याकाळी वाटाड्याने मोटार नदीकाठी उभी केली. घडीच्या टेबलावर सरबते मांडली गेली. सूर्य बुडायला आला होता, नदी तांबूस झाली होती, आणि उद्यानाच्या बाजूने हत्तींचा एक कळप पाण्यात उतरला. मी मोजले, सतरा होते. पुढे एक वयस्कर हत्तीण, मागे बाकीचे एका ओळीत. मधे एक पिल्लू. ते बुडले, आणि नुसती सोंड पाण्यावर धरून चालत राहिले. मागून एका मादीने त्याला सोंडेने पुढे लोटले. पलीकडच्या काठावर पिल्लू दोनदा घसरले, तिसऱ्यांदा चढले, आणि आम्ही सगळ्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हिने हात जोडले होते. डोळे भरून आले होते.

"कुठे निघाले हे?" मी वाटाड्याला विचारले.

"जेवायला," तो म्हणाला, आणि ग्लास गोळा करू लागला.

त्या रात्री मात्र आम्हांला गाढ झोप लागली. बाहेर बाम्बो होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आलेल्या मुलाकडून बातमी कळली. रात्री हत्ती बाम्बोच्या गावात शिरले. त्याचे कणगे मोडले, आणि वर्षाचा मका खाल्ला, सांडला, तुडवला. घरी त्याची बायको एकटी. ती भांडी वाजवीत राहिली. आणि बाम्बो कुठे होता? आमच्या तंबूबाहेर, आम्हांला हत्तीपासून राखीत.

हिने चहाचा कप खाली ठेवला. कळप तोच होता की दुसरा, कोण सांगणार? पण आमच्या टाळ्या मला दिवसभर ऐकू येत राहिल्या.

वाटाड्याने त्या दिवशी आपण होऊन नॉर्मन कार यांची हकीकत सांगितली. हे गृहस्थ या खोऱ्यात आले ते पिके खाणाऱ्या हत्तींना गोळी घालण्याच्या सरकारी नोकरीवर! पुढे त्यांचेच मन पालटले. हत्ती जिवंत ठेवायचे तर ज्याच्या शेतात ते शिरतात त्याला त्यांच्यापासून काही मिळाले पाहिजे, असे त्यांनी धरले. 1950 साली, हा देश उत्तर ऱ्होडेशिया होता तेव्हा, त्यांनी न्सेफू नावाच्या जमातप्रमुखाचे मन वळवून त्याच्या मुलखात पाहुण्यांसाठी छावणी उभारली. पाहुण्यांचे पैसे जमातीच्या खजिन्यात जात. आजच्या या सगळ्या लॉजांचे मूळ तिथे आहे. उद्यान म्हणून घोषणा झाली ती नंतर, 1972 साली.

ऐकायला हे फार चांगले वाटले. पण बाम्बोचे कणगे मोडलेले होतेच.

रात्री जेवण झाल्यावर तो आम्हांला पोहोचवायला आला. हिने त्याला व्हरांड्यात बसायला लावले. बसेना, शेवटी पायरीवर टेकला. विजेरी मांडीवर, नजर काळोखात. इंग्रजी त्याला बरे येत होते.

मी म्हटले, "बाम्बो, आमच्याकडेही हत्ती आहेत. माझ्या मामांची बाग ते खातात. तुम्ही लोक काय करता, असं त्यांनी विचारलं आहे."

तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळून नीट बघू लागला. मग सांगू लागला. ढोल वाजवतात, जाळ करतात. दोराला चिंध्या बांधून त्या जळक्या तेलात आणि मिरचीच्या पुडीत बुडवतात, आणि तो दोर शेताभोवती ताणतात. हत्तीला मिरची सोसत नाही. हत्तीच्याच शेणात मिरची कालवून त्याच्या विटा करतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवतात. हत्तीला ठसका लागतो. "आम्हांलाही लागतो," असे म्हणून तो हसला. कुणी कुणी विटांची पक्की कोठारे बांधतात. त्याचेही बांधायचे होते. मुलीच्या शाळेच्या खर्चामुळे राहिले.

"हत्तींचा राग येत नाही?" हिने विचारले.

"मॅडम, मला पगार मिळतो तो हत्तीमुळे. माझं धान्य खातो तोही हत्तीच. कोणत्या दिवशी रागवायचं?" जरा थांबून त्याने मला विचारले, "तुमचे मामा किती वर्षांचे?"

"एकाहत्तर."

"रात्री त्यांच्याबरोबर कोण जागतं?"

"कुणी नाही. एकटेच."

तो मान हलवू लागला. "हे बरोबर नाही, सर. त्यांना सांगा, एकट्यानं जागू नये. एकटा माणूस डुलकी घेतो, नाहीतर घाबरून पुढे धावतो. आम्ही पाळ्या लावतो. मी इथे असलो तर माझी पाळी शेजारी घेतो. काल त्याच्या घरी दुखणं होतं म्हणून तो आला नाही."

एवढेच उत्तर. मिरचीपेक्षा मला तेच जास्त लागले. मामांच्या बाजूला पाळी घेणारे हात होते कुठे? मामेभाऊ नोकरीसाठी गोव्यात, शेजारचे मुंबईत. आणि सुटीत आंबे खायला येणारा भाचा लुआंग्वाच्या काठी हत्तींसाठी टाळ्या वाजवीत!

निघताना हिने एक पाकीट त्याच्या हाती ठेवले. तिकडच्या रीतीप्रमाणे त्याने ते दोन्ही हातांनी घेतले आणि "झिकोमो" म्हणाला, म्हणजे आभारी आहे. त्यातून कोठार पुरे व्हायचे नव्हते, हे आम्हा तिघांनाही कळत होते.

परत आल्यावर जूनच्या पहिल्या पावसात आजोळी गेलो. मामांना मिरचीचा दोर सांगितला, शेणाच्या विटा सांगितल्या. विटांची कृती त्यांनी दोनदा विचारून घेतली. मग बाम्बोचा निरोप सांगितला. अडकित्ता थांबला.

"पाळी?" मामा म्हणाले, "वाडयेत उरलंव आमी चार म्हातारे. कोणाची पाळी लावूची रे?"

मला उत्तर सुचले नाही. पण घरी येऊन मामेभावाला फोन केला, त्याने आणखी दोघांना केला.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्ही मंडळी तिलारीच्या खोऱ्यात असू. हिने फराळाच्या डब्यांबरोबर पाच किलो मिरचीपूड बांधून ठेवली आहे. चिरंजीवांना फोटो मिळाला नाही, म्हणून तेही हट्टाने येणार आहेत. भाऊबीजेपर्यंतच्या रात्री आम्ही वाटून घेतल्या आहेत. त्यानंतरच्या रात्रींचे अजून जमायचे आहे. माझी पाळी दहा ते दोन.