मार्चमध्येच दिवाळी

३ सप्टेंबर २०२५, बुधवारची रात्र. गौरी आदल्या दिवशीच गेल्या होत्या आणि अनंत चतुर्दशी तीन दिवसांवर आली होती. दिल्लीत जीएसटी परिषदेची बैठक संपली आणि उशिरा घोषणा झाली: साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं, चॉकलेटं यांच्यावरचा कर १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्के. एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा २८ वरून १८. अंमल २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेच्या दिवशी.

घराघरांत या बातमीचं स्वागत झालं. आता त्याच रात्री या वस्तू विकणाऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखाचं काय झालं असेल, याची कल्पना करा. दिवाळीच्या जाहिराती तयार आहेत आणि त्यांत जुन्या किमती आहेत. वेष्टनांवर जुनी एमआरपी छापलेली आहे. दुकानदार आता माल उचलणार नाहीत, कारण १९ दिवसांनी तोच माल स्वस्त मिळणार. सहा महिने खपून आखलेला सणाचा हंगाम एका रात्रीत नव्याने आखायचा आहे.

अशा वेळी सगळ्यांचं लक्ष प्रमुखाकडे असतं. मला मात्र त्याच्या केबिनबाहेर बसणाऱ्या व्यक्तीबद्दल सांगायचं आहे. तिच्या कार्डावर ‘एक्झिक्युटिव्ह असिस्टंट’ असं लिहिलेलं असतं आणि ऑफिसात सगळे तिला ‘ईए’ म्हणतात. (या कामात पुरुषही आहेत, पण इथे ‘ती’ म्हणतो.) तिचं काम काय, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील: मीटिंगा लावणं, तिकिटं काढणं, फोन घेणं. ते खरंच आहे. पण त्या ‘मीटिंगा लावणं’ या दोन शब्दांत किती काय दडलंय, हे जवळून पाहिलं की माणूस थक्क होतो.

४ सप्टेंबरच्या सकाळी अशा ईएसमोर काय असतं ते पाहू. साहेबांचा आठवडा आधीच खच्चून भरलेला. त्यात निदान चार नव्या बैठका आजच्या आज घुसवायच्या आहेत: नवी किंमत ठरवायला फायनान्स, छापील वेष्टनांचं काय करायचं हे पाहायला लीगल, वितरकांना शांत करायला सेल्स, जाहिराती बदलायला एजन्सी. यांचा क्रम महत्त्वाचा. फायनान्सने आकडा दिल्याशिवाय एजन्सी जाहिरातीतली किंमत बदलू शकत नाही, म्हणून एजन्सीची बैठक शेवटी. पण शहरातली प्रत्येक कंपनी आज हेच करणार आहे आणि एडिटिंग स्टुडिओ मोजकेच आहेत. किंमत ठरेपर्यंत थांबलो तर स्टुडिओच मिळायचा नाही. म्हणून सकाळी नऊलाच ती एजन्सीला फोन करून शनिवारचा स्टुडिओ अडवायला सांगते. किंमत ठरलेली नाही, बैठक झालेली नाही आणि साहेब अजून गाडीत आहेत.

या कामाचं मर्म इथेच आहे, असं मला वाटतं. निर्णय घेणं तिचं काम नाही. पण निर्णय झाल्यावर तो ज्या वेळेत उतरणार ती जागा निर्णय होण्याआधीच राखून ठेवणं, हे तिचं काम आहे. कंपनीने कितीही मोठा बेत केला तरी त्याला कुणाचा तरी मंगळवार दुपारी साडेतीनचा तास मिळेपर्यंत तो कागदावरच राहतो.

आता बाकीचं काय हलवायचं? एका परिषदेतलं भाषण हलवता येईल, आयोजक नाराज होतील इतकंच. नटासोबतचं शूटिंग अजिबात हलणार नाही, कारण करारात त्याचे दिवस मोजून घेतलेले असतात. गेलेली तारीख पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नसतो. आणि एका नव्या ब्रँड मॅनेजरशी अर्ध्या तासाची गप्पांची वेळ आहे. वरवर पाहता सगळ्यात आधी काढून टाकावी अशी हीच. पण ती याआधी दोनदा पुढे गेली आहे हे ईएला माहीत असतं. तिसऱ्यांदा गेली तर तो मुलगा दुसरी नोकरी शोधायला लागेल, हेही तिला कळतं. ती भाषण काढते आणि ती अर्ध्या तासाची वेळ ठेवते. याचं कारण कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेलं नसतं.

असा करबदल रोज होत नाही. एरवीच्या वर्षात या कामाचा पाया म्हणजे आपलं पंचांग. महाराष्ट्रातलं लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दर वर्षी बरोबर ११ दिवस अलीकडे, कारण चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण तेवढंच लहान. मग २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतो आणि दिवाळी एकदम ८ नोव्हेंबरवर उडी घेते. ही सरकासरक हिशेबाच्या वहीतही दिसते. दिवाळी लवकर आली की दुकानदार सप्टेंबर संपण्याआधीच माल भरून ठेवतात आणि ती विक्री आधीच्या तिमाहीत मोजली जाते. उशिरा आली की ती पुढच्या तिमाहीत जाते. लोकांनी तेवढेच फराळाचे डबे आणि तेवढेच कपडे घेतले, तरी एक तिमाही गरीब दिसते आणि दुसरी श्रीमंत. अधिक महिन्यात लग्नं लागत नाहीत, म्हणजे दागिने आणि साड्यांच्या व्यापाराला तो महिना मंदा. आणि २०२४, २०२५ या दोन्ही वर्षी अमावास्या दोन दिवसांत विभागली गेल्याने उत्तरेत बऱ्याच ठिकाणी लक्ष्मीपूजन एक दिवस आधी झालं, आपल्याकडे एक दिवस नंतर. देशभर एकच जाहिरात चालवायची असेल, तर ‘आज दिवाळी’ हे वाक्य कुठल्या दिवशी लावायचं?

म्हणून मार्चमध्ये, नव्या आर्थिक वर्षाचं कॅलेंडर आखताना, जाणती ईए सगळ्यात आधी दिवाळी मांडते आणि तिथून मागे येत राहते. २०२६ चंच घ्या. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. घटस्थापना ११ ऑक्टोबर, तोवर माल दुकानात आणि जाहिरात पडद्यावर हवी. त्याआधी एडिट, संगीत, मराठी-तमिळ-बंगाली आवाज. म्हणजे शूटिंग जुलै-ऑगस्टमध्ये, नेमकं मुंबईच्या धो धो पावसात. बाहेरचा सीन असेल तर दुसरं गाव शोधा, नाहीतर गोरेगावला सेट लावा. दोन्हींत साहेबांच्या प्रवासाचे दिवस बदलतात. शूटिंगच्या आधी पीपीएम, म्हणजे कपड्यांच्या रंगापासून टेबलावरच्या कपापर्यंत सगळं ठरवणारी बैठक. त्याआधी स्क्रिप्ट, त्याआधी एजन्सीला ब्रीफ. बोटांवर मोजत मागे आलं की आपण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येऊन पोचतो. बाहेर कैऱ्या उतरत असतात आणि इथे कंदील कुठल्या रंगाचा दाखवायचा याची बैठक लागलेली असते.

परदेशी कंपनी असेल तर घड्याळाचा आणखी एक खेळ. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. आपलं घड्याळ वर्षभर जागेवर असतं, त्यांचं हलतं. त्यात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातलं अंतर पाच तासांवरून चारवर येतं. न्यूयॉर्कहून लावलेली नेहमीची बैठक मुंबईत एक तास अलीकडे सरकते, लंडनमध्ये ती कुणाच्या जेवणाच्या वेळेवर जाऊन आदळते आणि मुंबईत ती ज्या दुसऱ्या बैठकीवर चढते ती हलवायला ईए आदल्या शुक्रवारीच बसलेली असते. परतीचा असाच आठवडा २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर २०२६ चा, ऐन दिवाळीच्या तोंडावरचा.

वरिष्ठांचा वेळ नेमका जातो कुठे, हे हार्वर्डच्या मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी मोजून पाहिलं. नोहरिया आपल्या पवईच्या आयआयटीचे. त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या २७ मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा प्रत्येकी तीन महिन्यांचा वेळ, दिवसाचे चोवीस तास, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत नोंदवला. एकूण जवळपास ६०,००० तास. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कामाच्या वेळेतला ७२ टक्के वेळ बैठकांमध्ये. हा आकडा पुढे सगळीकडे फिरला. मला त्याहून विलक्षण वाटते ती नोंद करण्याची पद्धत. त्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी ठेवल्या त्या अधिकाऱ्यांच्या ईएंनी. साहेबाचा वेळ कुठे गेला हे कदाचित साहेबालाही नीट सांगता येणार नाही, तिला येतं.

वेळेबरोबर आवाजही सांभाळावा लागतो. प्रमुखाच्या नावाने जाणारी कितीतरी पत्रं आणि मेल तिने लिहिलेली असतात. वितरकाच्या मुलीच्या लग्नाच्या शुभेच्छा, एजन्सीला दिलेला सौम्य पण पक्का नकार. वाचणाऱ्याला त्यात प्रमुखाचाच सूर ऐकू यावा लागतो. बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे: पत्र लिहायला सवड मिळाली नाही म्हणून त्यांनी शिवाजी महाराजांना कोऱ्या कागदावरून अस्खलित पत्र वाचून दाखवलं. गोष्ट पाठांतराची म्हणून सांगतात. मला ती धन्याची भाषा पूर्ण आत्मसात केलेल्या माणसाची वाटते.

इतकं जवळ बसणाऱ्याला सगळंच कळतं: नवं उत्पादन कधी येणार, कुठला ब्रँड विकायचा विचार आहे, तिमाही कशी गेली. कायद्यानेही हे ओळखलेलं आहे. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत, अप्रकाशित आणि भावावर परिणाम करणारी माहिती ज्यांच्या हाती येते अशा सचिवीय कर्मचाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतल्या अशा ईएला तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत स्वतःच्या कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. तिच्या नवऱ्यालाही नाहीत. संध्याकाळी स्वयंपाक करता करता ती ऑफिसातलं काय बोलते आणि काय बोलत नाही, याचाही विचार कुणीतरी कायद्याच्या भाषेत करून ठेवलेला आहे.

या खुर्चीवरून काय दिसतं, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण अमेरिकेतलं आहे. उर्सुला बर्न्स न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या सरकारी वसाहतीत वाढल्या. आई पनामाहून आलेली, एकटीने मुलं वाढवणारी. यंत्र अभियांत्रिकी शिकून त्या झेरॉक्स कंपनीत लागल्या. तिथल्या एका सभेत कुणीतरी विचारलं, की वेगवेगळ्या समाजांतून माणसं घेण्याच्या धोरणाने दर्जा घसरत नाही का? व्यासपीठावर वेलंड हिक्स होते, मार्केटिंग आणि ग्राहकांशी संबंधित कामकाज पाहणारे वरिष्ठ. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं. बर्न्स यांना ते इतकं मवाळ वाटलं, की असल्या प्रश्नाला तुम्ही मान कसा देता, असं त्यांनी हिक्स यांना विचारलं. १९९० मध्ये याच हिक्स यांनी त्यांना आपली एक्झिक्युटिव्ह असिस्टंट म्हणून बोलावलं.

काही कंपन्यांत हे पद होतकरू अधिकाऱ्याला थोड्या काळापुरतं देतात. मुंबईतल्या ईएच्या कामापेक्षा त्याचा पोत वेगळा. खुर्चीची जागा मात्र तीच, दाराला लागून. त्या काळात बर्न्स कंपनीच्या वरिष्ठांच्या बैठकांना हजर राहत. अध्यक्ष पॉल अलेर सांगत, की नवी भरती बंद. आणि पुढच्या महिन्यात आणखी हजारभर माणसं घेतलेली असत. हे पुन्हा पुन्हा झालं. शेवटी बर्न्स यांनी हात वर केला आणि विचारलं, की तुम्ही नाही म्हणता आणि तरी भरती होतेच, तर मग नाही म्हणून ते खरं करून दाखवणारं कोण आहे? नंतर अलेर यांचं बोलावणं आलं तेव्हा आता खरडपट्टी निघणार असं बर्न्स यांना वाटलं. पण अलेर यांनी त्यांना हिक्स यांच्याकडून आपल्याच कार्यालयात घेतलं. २००९ मध्ये त्या झेरॉक्सच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या; फॉर्च्यून ५०० यादीतली कंपनी चालवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

एका विभागात बसणाऱ्याला त्याच्या विभागातलं बोलणं ऐकू येतं. सभेत काय ठरलं आणि महिनाभराने काय झालं, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहायला मिळणाऱ्या जागा कंपनीत फार थोड्या असतात. बर्न्स यांना तो प्रश्न सुचला तो त्या जागेमुळेही.

प्रत्येक ईए मुख्य अधिकारी होत नाही आणि बहुतेकींना व्हायचंही नसतं. उलट प्रमुखच बदलत राहतात. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत मार्केटिंग प्रमुख सरासरी चार वर्षांच्या आसपास टिकतो, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापेक्षा बराच कमी. साहेब जातात, फलक बदलतो, ईए अनेकदा तीच राहते. नवा प्रमुख पहिल्या सोमवारी येतो तेव्हा त्याला सादरीकरणांचा ढीग मिळतो. त्यात नसलेलं बरंच काही तिच्याकडे असतं. दसऱ्याआधी कोल्हापूरच्या कुठल्या वितरकाला स्वतः फोन करावा लागतो. कुठल्या दोन विभागप्रमुखांना एका बैठकीत बोलवायचं असेल तर आधी वेगवेगळं भेटावं लागतं. जुलैतल्या कुठल्या शूटिंगचे आगाऊ पैसे दिलेले आहेत, आणि दर बुधवारची कुठली बैठक आधीच्या तिसऱ्या प्रमुखाने सुरू केली होती आणि आता कुणालाच नको आहे. नव्या साहेबांना विचार करायला सकाळ मोकळी हवी असते. ती आधी ही बुधवारची बैठक रद्द करते.