हृदयातील गंज आणि जनुकांची आज्ञा

कर्करोग बरा होतो, घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तोच माणूस जिना चढताना धापा टाकू लागतो. मूळ रोगच उलटला, असे घरच्यांना वाटते. पण तपासणीत निराळेच आढळते. रोग गेलेला असतो. दुबळे झालेले असते ते हृदय. असे सर्वांचे होत नाही, परंतु ज्यांचे होते त्यांच्या बाबतीत ते का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

हा प्रश्न आपल्या नवी मुंबईला दूरचा नाही. १९५२ साली परळला स्थापन झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२ साली खारघरला आली आणि टाटा स्मारक केंद्राच्या तेथील संशोधन व उपचार केंद्राचा भाग झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण तेथे येतात. अशा रुग्णांच्या उपचारांत जगभर वापरले जाणारे एक औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. रंगाने तांबडे असलेले हे औषध इटलीतील संशोधकांनी १९६०च्या दशकात मातीतील एका सूक्ष्मजंतूपासून मिळविले. स्तनाच्या व रक्ताच्या काही कर्करोगांत त्याने असंख्य प्राण वाचविले आहेत. मात्र त्याची एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचा धोका वाढतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एकूण ४०० मिलिग्रॅम औषध गेले असता शंभरातील सुमारे ५ जणांचे हृदय निकामी होऊ लागते, ५५० मिलिग्रॅमला सुमारे २६ जणांचे आणि ७०० मिलिग्रॅमला सुमारे ४८ जणांचे, असा अंदाज निघाला.

आता हे घडते कसे? लोखंडाला गंज चढतो हे आपण पाहतो. शरीरातही प्राणवायूची काही उपद्रवी रूपे निर्माण होतात व ती पेशींतील स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि जनुकद्रव्य यांना इजा करतात. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्यासाठी लागणारी शक्ती पुरविणाऱ्या तंतुकणिका त्याच्या पेशीची सुमारे एक तृतीयांश जागा व्यापतात, आणि या उपद्रवी रूपांचा मोठा उगम त्यांच्यातच असतो. डॉक्सोरुबिसिनमुळे ती वाढतात हे पूर्वीच दिसले होते. तेव्हा औषधाने हृदयाला गंज चढतो, असे सरळ स्पष्टीकरण रूढ झाले.

स्पष्टीकरण सरळ, तर उपायही सरळ असायला हवा होता. म्हणून १९८०च्या दशकाच्या आरंभी ई जीवनसत्त्वासारखे गंजरोधक पदार्थ रुग्णांना देऊन पाहिले. हृदयाचे रक्षण झाल्याचे दिसले नाही. इतर हृदयरोगांतही तोच अनुभव आला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत साडेनऊ हजारांवर लोकांना सुमारे साडेचार वर्षे ई जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. हृदयविकाराच्या दृष्टीने दोहोंत फरक पडला नाही.

मग चुकले कोठे? गंज खरा होता. पण तो मूळ कारण नसून परिणाम असावा, ही शंका बळावली. २०१२ साली ह्यूस्टन येथील संशोधकांनी तिचा उलगडा केला. पेशीतील जनुकद्रव्य म्हणजे लांबच लांब पिळदार दोरा. त्याचा गुंता सोडविण्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचे एन्झाइम तो दोरा कापते आणि पुन्हा जोडते. डॉक्सोरुबिसिन नेमके कापलेल्या स्थितीत त्याला अडकवून ठेवते. दोरा तुटलेलाच राहतो. या एन्झाइमाचे दोन प्रकार आहेत. अल्फा हा झपाट्याने विभागणाऱ्या पेशींत विपुल असतो, म्हणून कर्कपेशी मरतात. हृदयाच्या पेशी मोठेपणी क्वचितच विभागतात. त्यांच्यात असतो तो बीटा. औषध त्यालाही धरते.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दोरा तुटल्यावर पेशीत कोणती जनुके बोलावीत आणि कोणती गप्प बसावीत, याची आज्ञाच बदलते. तंतुकणिका घडविणाऱ्या जनुकांचा आवाज मंदावतो. नव्या, धडधाकट तंतुकणिका होत नाहीत, जुन्या बिघडतात, आणि त्यांतून उपद्रवी प्राणवायू अधिक निघतो. ज्या उंदरांच्या हृदयपेशींतून बीटा प्रकार काढून टाकला होता, त्यांच्या हृदयाचे या औषधापासून पुष्कळ रक्षण झाले व उपद्रवी प्राणवायूही कमी निघाला. चूल बिघडल्यामुळे घरात धूर होत असेल, तर केवळ धूर हाकलून काय साधणार?

शिवाय थोडा धूर हा इशाराही असतो. पेशीत एनआरएफ-२ नावाचे प्रथिन पहारेकऱ्यासारखे असते. एरवी दुसरे एक प्रथिन त्याला धरून ठेवते व नष्ट करवते. उपद्रवी प्राणवायूचा स्पर्श होताच ही पकड ढिली होते; पहारेकरी पेशीकेंद्रात जाऊन संरक्षक जनुके जागी करतो. म्हणजे ज्याला आपण केवळ शत्रू समजतो, तोच निरोप्याचेही काम करतो.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय? डेक्सराझॉक्सेन नावाचे एक औषध निवडक रुग्णांत हृदयाचे रक्षण करते. ते लोहाला बांधून गंज थांबवते, अशी जुनी समजूत होती; ते बीटा एन्झाइमालाच औषधाच्या तावडीतून दूर ठेवते, असे आता दिसते. ते कोणाला द्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. रुग्णाने व घरच्यांनी मात्र काही गोष्टी अवश्य कराव्यात. या औषधाची आजवरची एकूण मात्रा लिहिलेला कागद जपून ठेवावा व पुढे कोणत्याही डॉक्टरांना तो दाखवावा. उपचारांपूर्वी व नंतर सांगितलेली हृदयाची सोनोग्राफी चुकवू नये. रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवावेत, तंबाखू सोडावी. जाहिरात पाहून गंजरोधक गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत.

आणि हृदयाच्या भीतीने कर्करोगावरचे औषध तर मुळीच टाळू नये. धोका मोजता येतो व त्यावर नजर ठेवता येते. टाळलेल्या उपचाराचे नुकसान मात्र भरून निघत नाही.