माळ्यावरचा तंबोरा

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी एक तंबोरा असतो. माहेरी गाणं शिकताना वडिलांनी घेऊन दिलेला, लग्नानंतर सासरी आलेला, आणि मग मुलांच्या शाळा, आजारपणं, पाहुणेरावळे यांच्या गर्दीत गवसणी घालून माळ्यावर गेलेला. माझा असा अकरा वर्षं माळ्यावर होता. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली काढला आणि उत्साहाच्या भरात घराबरोबर त्यालाही लख्ख करायला घेतलं. भोपळ्यावर ओलं फडकं फिरवलं. डाग जाईना म्हणून कापसावर कोलनवॉटर घेऊन घासलं, तर पॉलिशच कापसाला लागून आलं! खर्जाची पितळी तार काळवंडली होती, तिला चिंच लावली. संध्याकाळी सुरात लावायला बसले, खुंटी जरा पिळली आणि तार तटकन तुटली.

दुरुस्तीला नेला तेव्हा म्हातारे कारागीर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, भांडं नव्हे हे."

खरंच, तंबोरा कशाचा बनतो हे ठाऊक असलं म्हणजे तो कसा पुसावा हे आपोआप कळतं. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. हत्यारं घडवणारे हात तारांकडे वळले आणि मिरज तंबोऱ्यांचं गाव झालं. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून. हा वाळलेला भोपळा दिसतो दणकट, पण एका धक्क्याने तडकतो. दांडी आणि भोपळ्यावरची तबली लाकडाची. वरचं पॉलिश बहुधा लाखेचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं. स्पिरिट, अत्तर, कोलनवॉटर लागलं की ते पुन्हा विरघळतं आणि पाण्याने त्यावर पांढुरके डाग पडतात. माझं काय चुकलं ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल!

वाजवल्यावर दर वेळी : बसण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करा. तेलाचे, पिठाचे हात तारांना लावू नका. उठताना जुन्या मऊ धोतराच्या किंवा मलमलीच्या कोरड्या तुकड्याने प्रत्येक तार हलकेच पुसा. घामातल्या मिठाने पोलादी तारा गंजतात, पितळी काळवंडते. या कामाला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आठवड्यातून एकदा : कोरड्या फडक्याने दांडी, भोपळा, तबली पुसा. तारांखालची आणि नक्षीच्या खाचांतली धूळ रंगकामाच्या मऊ, नव्या ब्रशने झाडा. घोडीपाशी मात्र जपून. तिथला तार आणि घोडी यांमधला दोरा जागचा हलला की आवाजातला गुंजारव गेला असं समजा.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर : भोपळ्याला चीर नाही ना, खुंट्या घट्ट बसतात ना, तारांना गंज नाही ना, हे उजेडात नीट पाहा. गंजलेली तार घासत बसू नका, बदला. खुंटी घसरत असेल तर तिला किंचित खडू लावा. गवसणी धुऊन अगदी खडखडीत वाळवा. दमट गवसणीत बुरशी धरते.

हे मात्र करू नका : ओलं फडकं, रॉकेल, खोबरेल, फर्निचरचं पॉलिश यांपैकी काहीही नको. घोडीला तेल लावू नका, तिला पॉलिशपेपर तर मुळीच दाखवू नका. जवारी काढणं हे जाणत्या हाताचं काम आहे. भोपळ्याला चीर दिसली तर घरच्या गोंदाने चिकटवू नका, कारागिराकडेच न्या. दमट झाला म्हणून उन्हात ठेवू नका, सावलीत वारा लागू द्या.

ठेवायचा कसा? कोपऱ्यात नुसता टेकवून ठेवला की पोरांच्या चेंडूने आडवा झालाच म्हणून समजा. जुन्या लुगड्याची जाड चुंबळ करून तिच्यावर भोपळा ठेवावा आणि तंबोरा आडवा निजवावा. बाहेरच्या ओलसर भिंतीपासून आणि स्वयंपाकघराच्या वाफेपासून दूर. फार दिवस वाजवायचा नसेल तर तारा थोड्या सैल करा.

पण फार दिवस न वाजवणं हेच खरं दुखणं! हल्ली मोबाइलवर तंबोरा वाजतो, त्यामुळे खरा खाली काढायचं निमित्तच उरत नाही. माझा दुरुस्त होऊन आला तेव्हा पुन्हा गवसणी घालून ठेवणारच होते. पण सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे घातलेस, आता लाव तरी." गळा बसला होता, षड्जसुद्धा धड लागेना. डोळ्यांत पाणी आलं. त्या काही बोलल्या नाहीत. उठून गॅस तेवढा बारीक केला आणि पुन्हा येऊन बसल्या.

तेव्हापासून दुपारची चारची वीस मिनिटं माझी. त्या वेळी चहा त्याच करतात. तंबोरा रोज हाताखालून जातो, म्हणून तारही वेळेवर पुसली जाते आणि सैल झालेली खुंटीही वेळेवर कळते.

तुमचा माळ्यावर असेल तर येत्या रविवारी खाली काढा. कोरडं फडकं घ्या आणि तेवढी चिंच स्वयंपाकघरातच राहू द्या!