शंभर वाद्यांची कारभारीण



कंडक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसटी येते. खांद्याला बॅग, हातात तिकिटाचं मशीन, आणि घंटीची दोरी ओढली की गाडी सुटली. एसटीत बाई कंडक्टर आता आपल्याला नवीन नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र वेगळ्याच कंडक्टरबद्दल. हिच्या हातात हातभर लांबीची एक बारीक काठी असते. समोर साठ, सत्तर, कधी शंभर वादक बसलेले असतात. ही स्वतः एकही वाद्य वाजवत नाही, गात नाही, आणि ज्यांनी तिकीट काढलंय त्या लोकांकडे पाठ करून उभी असते. मराठीत तिला वाद्यवृंदाची संचालक म्हणतात. आम्ही कंडक्टरच म्हणू.

हा विषय आम्ही एका बैठकीत काढला तेव्हा एका काकूंनी लगेच विचारलं, "वाजवत नाही, गात नाही, मग ती करते काय?" प्रश्न बरोबर आहे. तिथूनच सुरुवात करू.

आपल्या भजनात सगळ्या एकच चाल म्हणतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात तसं नसतं. व्हायोलिनवाले एक चाल वाजवतात, त्याच वेळी मोठी व्हायोलिनं दुसरी, बासरीवाले तिसरी, तुतारीसारखी पितळी वाद्यं चौथी. प्रत्येकाच्या पुढ्यातल्या कागदावर फक्त त्याच्यापुरतं लिहिलेलं असतं. शेजारचा काय वाजवणार, हे त्या कागदावर नसतं. गटात कसं, प्रत्येकीकडे तिचं पासबुक असतं आणि सगळ्यांचा हिशेब एका खतावणीत असतो. कंडक्टरच्या पुढ्यात ती खतावणी असते. एकाखाली एक वीस-वीस ओळी, आणि त्या सगळ्या एकदम वाचायच्या.

उजव्या हाताने ती लय दाखवते. डावा हात सांगतो की आता आवाज वाढू दे, आता अगदी बारीक करा. डोळ्यांनी ती खुणावते की पुढची पाळी तुझी. झांजवाला कधीकधी पंधरा मिनिटं नुसता मोजत बसलेला असतो, त्याला पूर्ण कार्यक्रमात चारदोनदाच वाजवायचं असतं. तो या नजरेवर विसंबून असतो. शिवाय मागच्या रांगेतला आवाज पुढे पोचायला किंचित वेळ लागतो. कानावर भरवसा ठेवून सगळे वाजवायला लागले तर सूर जुळेल, पण वेळ जुळणार नाही. म्हणून सगळ्यांनी बघायचं एका काठीकडे. आणि हे झालं कार्यक्रमाच्या दिवशीचं. खरं काम त्याआधी सरावात होतं, ते लोकांना दिसतही नाही.

वारीला गेलेल्या आज्यांना ही काठी वेगळी समजावून द्यायला नको. पालखी तळावर आली की चोपदार काठी उंच करतात, आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. आवाज न करता सगळ्यांचा आवाज हातात ठेवायचा, तोच हा प्रकार.

वारीचा विषय निघालाच आहे तर पंढरपूरची गोष्ट सांगतो. तिथे 1982 साली एक मुलगी जन्मली. काही महिन्यांची असताना तिला डेन्मार्क या देशातल्या एका जोडप्याने दत्तक घेतलं. ती मुलगी म्हणजे मारिया बाडस्टू. आज ती वाद्यवृंदाची कंडक्टर आहे. तिच्याबद्दल लिहिताना लोक अनाथाश्रम, दत्तक, नशीब यावरच थांबतात. आम्हाला विचाराल तर नशिबाच्या पुढचा भाग जास्त कामाचा आहे. लहानपणी तिच्या हातात ट्रंपेट आला. ट्रंपेट म्हणजे आपल्या लग्नाच्या बँडमध्ये असतो ना, तोच. डेन्मार्कात नगरपालिकांच्या संगीतशाळा असतात, मुलांचे बँड असतात, आणि मुलीने तोंडाला पितळी वाद्य लावलं म्हणून कोणी भुवया उंचावत नाही. ती वाजवायला शिकली, मग कोपनहेगनला संगीताच्या मोठ्या शाळेत गेली, मग काठी धरायला शिकली. मोठेपणी भारतात येऊन ती इथल्या वादकांसमोरही उभी राहिली.

काठी धरायला शिकली, असं आम्ही एका ओळीत सांगून गेलो, पण सगळी मेख तिथेच आहे. पेटी शिकायची तर पेटी घरी आणता येते. पखवाज उसना मिळतो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे समोर बसलेली शंभर माणसं. ती घरी आणता येत नाहीत. आरशासमोर हात हलवून थोडंफार जमतं, पण चुकलेली लय सावरायची कशी, दमलेल्या माणसांकडून पुन्हा एकदा वाजवून घ्यायचं कसं, हे माणसं समोर असल्याशिवाय येत नाही. म्हणजे आधी कोणीतरी विश्वासाने माणसं हवाली करावी लागतात. बायकांना ती कोणी देत नव्हतं. आणि मग तेच लोक म्हणत, बायकांना अनुभव नाही.

अँटोनिया ब्रिको नावाच्या बाईंनी 1930 साली जर्मनीतल्या बर्लिनच्या नावाजलेल्या वाद्यवृंदासमोर काठी धरली. वर्तमानपत्रांत वाहवा झाली. पण वाहवा झाली म्हणून काम मिळालं नाही. 1934 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला फक्त बायकांचा वाद्यवृंद उभा केला. पुढे त्यात पुरुषही घेतले, तर लोकांचं कुतूहलच ओसरलं. नंतर अनेक वर्षं त्या अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात राहून मुलांना पियानो शिकवत होत्या.

वाजवणाऱ्या बायकांचीही कथा फार वेगळी नव्हती. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाने बाईला रीतसर सभासद करून घेतलं ते 1997 साली. हो, 1997. तेव्हा आपल्याकडे पंचायतीत महिला सरपंच बसायला लागल्या होत्या. अमेरिकेत मात्र त्याआधीच काही वाद्यवृंदांनी एक युक्ती केली होती. वादक निवडताना मध्ये पडदा लावायचा. वाजवणारा कोण ते दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू नये म्हणून काही ठिकाणी खाली सतरंजीसुद्धा अंथरत. आपण पडदा बायकांना कोंडण्यासाठी वापरलेला पाहिलाय. तिथे त्याच पडद्याने बायकांना आत घेतलं. पण कंडक्टरला पडद्यामागे उभं करता येत नाही. तिला सगळ्यांच्या नजरेसमोरच उभं राहावं लागतं.

आता मरीन ऑल्सप या बाईंची गोष्ट, ती जरा सावकाश ऐका. जन्म 1956, न्यूयॉर्क. आई-वडील दोघेही वादक. नऊ वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना एका कार्यक्रमाला नेलं, तिथे लिओनार्ड बर्नस्टाइन हे नामांकित कंडक्टर होते. पोरीने ठरवलं, आपण हेच करायचं. व्हायोलिनच्या शिक्षिकेला सांगितलं, तर उत्तर आलं की मुली हे करत नाहीत. घरी येऊन सांगितल्यावर वडिलांनी काय करावं? समजूत काढली नाही, भाषण दिलं नाही. काठ्यांनी भरलेली एक पेटी आणून हातात ठेवली.

पुढे व्हायोलिन वाजवून पोट भरत त्या कंडक्टर होण्यासाठी धडपडत राहिल्या. माणसं कोणी देईना, तेव्हा 1984 मध्ये त्यांनी आपलाच वाद्यवृंद काढला. त्याला पैसा लावला तो एका जपानी उद्योजकाने. म्हणजे घरात वाद्य नव्हतं, तर बाईने भांडवल उभं करून वाद्यच विकत घेतलं म्हणा ना! तिथे त्या चुकल्या, शिकल्या. 1989 साली एका मानाच्या पुरस्काराच्या त्या पहिल्या महिला मानकरी ठरल्या. 2005 मध्ये बाल्टिमोर शहराच्या वाद्यवृंदाने त्यांना प्रमुख नेमायचं ठरवलं, तर वादकांनीच जाहीर नाराजी दाखवली. त्या वादकांना जाऊन भेटल्या, बोलल्या. 2007 ला कामाला लागल्या आणि चौदा वर्षं तो वाद्यवृंद चालवला. 2013 मध्ये लंडनच्या एका फार जुन्या संगीत महोत्सवाची शेवटची रात्र त्यांच्या हाती होती. शतकभराच्या परंपरेत त्या रात्री पहिल्यांदाच बाई. त्या भर कार्यक्रमात म्हणाल्या की 2013 साल उजाडलं तरी बायकांसाठी अजून 'पहिल्यांदाच' शिल्लक आहे, याचं आश्चर्य वाटतं. आम्हाला त्यांचं आणखी एक काम मोठं वाटतं. 2002 पासून त्यांनी तरुण कंडक्टर मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. आपल्याला जे मिळालं नाही, तेच पुढच्या मुलींना द्यायला घेतलं.

एवढं लांब कशाला, आपल्या मुंबईतच बघा. कुमी वाडिया. त्यांच्यासमोर वाद्यं नव्हती, गाणारी माणसं होती. 1956 मध्ये व्हिक्टर परंज्योती यांनी मुंबईत एक गायनवृंद सुरू केला, परंज्योती अकॅडमी कोरस. यात बायकांचे उंच आणि खालचे, पुरुषांचे उंच आणि खालचे, असे चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात आणि त्या मिळून एक गाणं होतं. गाणारे सगळे आपापली नोकरी, घर सांभाळून येणारे. कुमीताई याच वृंदात घडल्या. 1967 ला परंज्योती गेले आणि काठी त्यांच्याकडे आली. पुढची पन्नासहून अधिक वर्षं ती त्यांच्याकडे होती. त्या हा वृंद घेऊन युरोपभर फिरल्या, तिथल्या लोकांना भारतीय गाणीही ऐकवली. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रत्नागिरीत त्यांचं नाव फारसं कोणाला माहीत नसेल, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि लतादीदी? त्यांनी 'आनंदघन' या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिलं. 'साधी माणसं' 1965 चा. त्याला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण, हे लोकांना कळलं. कारण काही असो, दिग्दर्शकाच्या जागी नाव दुसरंच होतं.

आता आपल्या वाडीवर येऊ. महिलांची भजनी मंडळं आज आपल्या जिल्ह्यात कितीतरी आहेत. साड्या एकसारख्या, टाळ स्वतःचे, गट बचतीतून पेटीही घेतो. पण पेटीवर बुवा आणि पखवाजावर त्यांचा जोडीदार, हे बहुतेक ठिकाणी बाहेरून बोलावलेले पुरुष. मुख्य गाणाऱ्या बाईलासुद्धा 'बुवा'च म्हणतात, तिला वेगळा शब्दच नाही. एका मंडळाची अडचण आम्ही जवळून पाहिली. गणपतीत पखवाजवाल्यांना तीन घरची आमंत्रणं, त्यामुळे महिलांची बारी रात्री साडेअकराला सुरू व्हायची. लहान मुलं पेंगायची, सकाळी पाचला पुन्हा चूल. दोन वर्षं हे झाल्यावर दोघींनी ठरवलं, पखवाज आपणच शिकू.

शिकायला गुरुजी मिळाले. हातही बसला. अडलं ते पुढे. मंडळातल्याच काहीजणी म्हणाल्या, "यांना बारीत बसवलं आणि लय सुटली, तर गाव हसेल." मग पुन्हा बाहेरचेच बोलवायचे. म्हणजे अनुभव नाही म्हणून बसवायचं नाही, आणि बसवायचं नाही म्हणून अनुभव नाही. शेवटी मंडळाने तोडगा काढला. दर गुरुवारी कोणा एकीच्या ओटीवर भजन करायचं, ऐकायला कोणी नाही, आणि त्या दिवशी पखवाज या दोघींकडेच. लय सुटली तर थांबायचं, पुन्हा धरायचं, उठून जायचं नाही. आता गजर त्या नीट धरतात. चालीच्या अभंगात अजून कधी गडबड होते. यंदा गणपतीत सुरुवातीचे दोन अभंग त्या वाजवणार आहेत.

ज्यांच्या घरी मुलांच्या मोबाईलवर यूट्यूब आहे त्यांनी 'मरीन ऑल्सप' असं बोलून शोधा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा आणि नुसता डावा हात बघत राहा. मग आवाज लावून तेच पुन्हा बघा.